चाळीस मिनिटांचा नमुना पाठ

"पाठ चुकला तर बघून घेऊ, उत्कर्षा. पण सत्काराच्या यादीत एक जरी नाव चुकलं, तर मला तोंड दाखवू नकोस."

प्राचार्य बाळासो सर मंगळवारी जिन्यात थांबून हे बोलले होते, आणि गुरुवारी सकाळीसुद्धा ते वाक्य उत्कर्षाच्या कानात जसंच्या तसं घुमत होतं. यादीत अकरा नावं होती. टेबलावर अकरा शाली होत्या, अकरा नारळ होते. तिनं तीनदा पडताळून पाहिलं आणि मगच सुटकेचा निःश्वास सोडला.

आष्ट्याच्या अलीकडं रस्त्याला लागून असलेल्या या कॉलेजात अध्यापन विकास कक्ष सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. प्राध्यापकांना आणि पीएच.डी. करणाऱ्या मुलांना शिकवावं कसं, हे शिकवणं कक्षाचं काम. आजची कार्यशाळा त्याचीच. विषय होता 'चाळीस मिनिटांच्या तासाचे नियोजन'. साताऱ्याहून तज्ज्ञ म्हणून डॉ. शिवांजली मॅडम आल्या होत्या. साडेबाराला उत्कर्षानं खऱ्या विद्यार्थ्यांसमोर नमुना पाठ घ्यायचा, मॅडमनी तो पाहून निरीक्षणपत्रावर सही करायची, आणि मग सोमवारपासून पहिल्या वर्षाचे भूगोलाचे तास तिला मिळायचे. सही हुकली, तर पुढची कार्यशाळा पुढल्या वर्षी.

उत्कर्षा म्हसवडची. मेंढरं राखणाऱ्या घरातली, पीएच.डी.ला बसलेली पहिलीच मुलगी. गेली तीन वर्षं ती दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासत होती, दुसऱ्यांच्या वर्गाची हजेरी घेत होती. फळ्यासमोर उभं राहून आपलं असं काही सांगायची पाळी तिच्यावर अजून आली नव्हती. आजच्या पाठासाठी तिनं स्वतः तक्ता रंगवला होता: पश्चिमेला पाऊस धो धो, आणि पूर्वेला तिच्या माण तालुक्यात ठणठणाट, हे का?

दहाला दीपप्रज्वलन झालं आणि दहा वाजून पाच मिनिटांनी संस्थेचे संचालक भाऊसो सहज म्हणून आले. बरोबर चार माणसं होती, तीही सहजच आली होती. बोलावून आलेल्या पाहुण्याचं एका नारळावर भागतं. सहज आलेल्याचा मान मोठा. पाच शाली कमी पडल्या.

"सर, आता कसं करायचं?" उत्कर्षानं कुजबुजत विचारलं.

"सोपं हाय," बाळासो सर ओठ न हलवता म्हणाले. "शाल पांघरलेला माणूस पडद्यामागं आला, की घडी घालून देते म्हणायचं, शाल घ्यायची आणि दुसऱ्या बाजूनं परत स्टेजवर पाठवायची."

"आणि त्यांनी मागितली तर?"

"शिकलेली माणसं हायत. शाल मागतील व्हय?"

भूगोलाचे विभागप्रमुख विश्वजीत सर शिकलेले होते, पण त्यांनी मागितली. कारण पडद्याआडून बाहेर येतात तो त्यांचीच शाल भाऊसोंच्या ड्रायव्हरच्या खांद्यावर, फोटोसाठी हसत उभी. शाल मिळेना तसे सर सरळ बाहेर गेले आणि आपल्या गाडीत काचा वर करून बसले.

"जाऊ दे की त्येला," भाऊसो म्हणाले.

"जाऊ दे कसं? नमुना पाठाची पोरं त्यांच्याच वर्गातली," बाळासो सर कळवळले. "उत्कर्षा, जाहीर कर. विश्वजीत सरांचा फेटा बांधून विशेष सत्कार!"

ती सूत्रसंचालक होती. तिनं जाहीर केलं. काचा खाली आल्या, सर वर आले आणि त्यांच्या डोक्यावर भगवा फेटा चढला. सभागृहात टाळ्या वाजल्या, आणि त्या संपायच्या आत तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

"भूगोलाला फेटा, आन रसायनशास्त्र बोडकं? आमी काय इथं परीक्षानळ्या धुवायला हाय?"

मागोमाग इतिहास उभा राहिला. वाणिज्य तर चपला घालून दारापर्यंत पोचलं. विभाग नऊ, फेटा बांधणारा एक, आणि तो एका डोक्याला सात मिनिटं घ्यायचा. घाई केली की फेटा सुटायचा आणि आणखी सात मिनिटं जायची. देवाचीसुद्धा पूजा सोळा उपचारांत आटोपते. इथे देवांना एकमेकांचे उपचार मोजायची सवय होती.

नमुना पाठासाठी आणलेली वीस पोरं फेट्याच्या कापडाची टोकं धरून ओळीनं उभी केली गेली.

"सर, साडेबारा वाजले. पाठ?"

"घेऊ की गं. आधी वाणिज्य बांधून होऊ दे."

"सर, सव्वा झाला."

"संख्याशास्त्र राहिलंय. एकच डोकं हाय."

दीडला शिवांजली मॅडम भाषणाला उठल्या. "मी जास्त वेळ घेणार नाही," असं त्यांनी चार वेळा सांगितलं, वेळेचं नियोजन हाच शिक्षकाचा खरा दागिना असल्याचं पाचव्यांदा सांगितलं आणि त्या बसल्या. मग त्यांना स्मृतिचिन्ह देण्यात आलं. ते देणाऱ्यांचे आभार मानण्यात आले. आभार मानणाऱ्याला गुच्छ देण्यात आला.

तेवढ्यात वीसच्या वीस पोरं दप्तरं उचलून पळाली. दोनची एसटी चुकली असती, तर पुढची पाचला होती.

उत्कर्षा तक्ता घेऊन मॅडमच्या गाडीपाशी धावली. मॅडमनी बॉनेटवर कागद ठेवून सही केलीसुद्धा होती. विषयाची मांडणी: परिणामकारक. आवाज: शेवटच्या बाकापर्यंत. वेळेचे नियोजन: उत्कृष्ट.

"मॅडम, पण पाठ झालाच नाही."

"असं कसं? चार तास उभी होतीस तू. एकदाही कागदात बघितलं नाहीस." मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "आणि तीनशे माणसं शेवटपर्यंत बसून होती. माझ्या वर्गात चाळीससुद्धा बसत नाहीत गं."

गाडी साताऱ्याकडं निघून गेली. मागून बाळासो सर आले, खूश होते.

"झकास झालं बघ! यादी चुकली न्हाई."

"सर, मग सोमवारी माझा पहिला तास?"

"सोमवारी कसला तास? आज ज्यांचे सत्कार राहिले, त्यांचे सोमवारी ठेवलेत. सूत्रसंचालन तुझ्याकडंच." ते तीन पावलं गेले आणि वळले. "चल, स्टेजवर ये. ग्रुप फोटो हाय."

ती तिथंच उभी राहिली. हातातल्या सहीच्या कागदाकडं तिनं एकदा पाहिलं. सूत्रसंचालनापुरतं त्यात खोटं काही नव्हतं, हेच तिला जास्त लागलं.

कँटीनच्या राहीबाई कपांचा ट्रे घेऊन बाजूनं चालल्या होत्या. तक्त्यापाशी त्या थबकल्या.

"ह्यो डोंगर आपलाच व्हय गं?"

"व्हय मावशी. सह्याद्री."

"मग हिकडं माणाकडं निळा रंग का न्हाई दिला? संपला का?"

"पाऊसच न्हाई तिकडं."

"ते माझ्या पायांस्नी ठावं हाय, दोन कोसांवरनं पाणी आणायचो आमी. माझं म्हायेर तिकडचंच. ढग येत्यात, वाकून बघत्यात, आन पुढं निघून जात्यात. पन्नास वर्सं झाली, का जात्यात ते कुनी सांगितलं न्हाई."

उत्कर्षानं तक्ता राहीबाईंकडं वळवला. "मी सांगते, मावशी. आत्ता."

"आवं, सत्तर कप विसळायचं हायत!"

"तुमी व्हा पुढं. कप विसळता विसळता ऐका. मी येते म्हंजे येते."

"उत्कर्षा!" स्टेजवरून हाक आली. "फोटोला ये गं! मधली जागा तुझ्यासाठी ठेवलीय!"

नऊ फेटे ओळीनं कॅमेऱ्याकडं बघत होते. उत्कर्षानं निरीक्षणपत्राची घडी पर्समध्ये ठेवली, रिकाम्या वर्गात जाऊन फळ्याखालचे दोन खडू उचलले, तक्ता काखेत मारला, आणि मागच्या दारानं कँटीनची वाट धरली.