आठ दिवसांनी कनिष्ठ

गगनविहार आणि झेप या दोन विमान कंपन्या एक झाल्या, तेव्हा सरकारने शब्द दिल्याप्रमाणे एकाही कर्मचाऱ्याला काढलं नाही. दोघादोघांचा मिळून एकेक करण्यात आला.

दुसरा इलाजही नव्हता. एकाचीही नोकरी जाणार नाही, असं मंत्रिमहोदय निवडणुकीच्या सभेत बोलून बसले होते, आणि माणसं निम्मी झाली पाहिजेत, अशी अट अर्थखात्याने आधीच घातली होती. मंत्र्यांना शब्द मागे घेता येत नव्हता आणि अर्थखातं तर कधीच काही मागे घेत नाही. शेवटी एका सहसचिवाने साप मरेल आणि काठीही मोडणार नाही असा तोडगा काढला. नागपूरला विमानतळावरच्या जुन्या कार्गो शेडमध्ये मंगळवार ते शुक्रवार, दहा ते पाच, जेवणाची सुट्टी वगळून, काम सुरू झालं.

नियम सोपा होता. जोडीत ज्याची सेवा जास्त, त्याचं नाव, शरीर आणि घर कायम राहणार. कनिष्ठाच्या फक्त सवयी घ्यायच्या. त्याचं काहीच घेतलं नाही तर त्याला काढून टाकलं असं विरोधक म्हणाले असते, म्हणून ही सोय.

हेमलता वानकर गगनविहारमध्ये लोडशीट करायच्या. विमानाच्या पोटात कुठल्या खणात किती सामान ठेवलं म्हणजे तोल नीट राहील, हे त्यांचं काम. सेवा चोवीस वर्षं तीन दिवस. त्यांची जोडी लागली झेपमध्ये तेच काम करणाऱ्या रितेश गजभियेशी, आणि त्याची सेवा होती बरोबर बारा वर्षं. त्यामुळे बाई निर्धास्त होत्या. खामल्यातलं घर, नवरा, गच्चीवरची कढीपत्त्याची कुंडी, सगळं जागच्या जागी राहणार होतं.

पण त्याच महिन्यात झेपच्या मालकांचे मेहुणे सत्ताधारी पक्षात आले आणि दुसरं परिपत्रक निघालं. खासगी क्षेत्रात काम दुप्पट वेगाने होतं, सबब झेपमधलं एक वर्ष दोन धरावं. रितेशची चोवीस वर्षं झाली. तरी बाई तीन दिवसांनी पुढे होत्या. आठवड्याने तिसरं परिपत्रक आलं: संपाचे दिवस सेवेतून वजा करावेत.

हेमलताबाई अठरा वर्षांपूर्वी अकरा दिवस संपावर होत्या. त्या आता आठ दिवसांनी कनिष्ठ होत्या.

त्या तडक नाना थोट्यांकडे गेल्या. संपाचे पुढारी नानाच. आता ते सत्ताधारी पक्षात होते आणि एका महामंडळाचे अध्यक्षही.

"इतकंच ना?" नाना म्हणाले. "संपात नव्हते म्हणून लिहून द्या. मी सही मारतो. आठ काय, अकराही दिवस वापस."

"पण मी होते ना, नाना."

"मी तरी कुठं होतो? मीही लिहून दिलं."

"तुम्ही माइकवर होते."

"माइक तपासाले गेलो होतो," नाना म्हणाले आणि त्यांनी कोरा अर्ज पुढे सरकवला. मुदत सोमवारपर्यंत होती.

अर्ज पर्समध्ये घालून बाई कॅन्टीनला गेल्या. तिथे रितेश सवयींचा तक्ता भरत बसला होता. कनिष्ठ कोण ठरेल याचा नेम नसल्यामुळे तक्ता दोघांनाही भरावा लागे. सव्वीस रकाने होते.

"मॅडम, दाराचं कुलूप दोनदा ओढून पाहणं कुठं लिहायचं? सुरक्षेत का संशयात?"

"सुरक्षेत. मी तिथंच लिहिलं."

रितेशने लिहिलं. मग पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"नानाकडे जाऊन आल्या म्हणे तुम्ही."

"हो."

"लिहून देऊ नका असं मी म्हणत नाही. तुमचं घर आहे. पण माझी यशू चार वर्षांची आहे, मॅडम. तिला मीच भरवतो. तिच्या आईच्या, पल्लवीच्या हातून खात नाही ती." एवढं बोलून तो उगीचच सोळाव्या रकान्याकडे बघत राहिला.

बाईंना त्याचा राग आला. मुलगी चार वर्षांची असणं हा काही सेवाज्येष्ठतेचा मुद्दा नव्हता. राग आला आणि टिकला नाही, याचा त्यांना आणखी राग आला.

दिवाकरराव, म्हणजे बाईंचे यजमान, पोस्टातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवल्यामुळे कागद हातात आला की ते आधी उलटसुलट करून बघत. त्यांनी अर्ज तसा बघितला, मग वाचला.

"सदर कालावधीत मी संपात सामील नव्हते," त्यांनी मोठ्याने म्हटलं. "मंग कुठं होतीस?"

"तसं फक्त लिहायचं आहे."

"होय न. पण त्या लोडरचा हात सामानाच्या पट्ट्यात गेला होता, कंपनी दवाखान्याचं पाहत नव्हती, म्हणून तू गेटवर बसली. घसा बसला होता तुझा. मी रोज डबा घेऊन येत होतो." त्यांनी अर्ज खाली ठेवला. "तू तिथं नव्हतीस तं मी अकरा दिवस डबा कोणाले दिला?"



"नाही लिहिलं तर मी या घरात राहणार नाही," बाई म्हणाल्या.

"ते समजलं मले."

दोघांनी वरण-भात खाल्ला. बाईंना रडू येत होतं आणि त्या रडल्याही. दिवाकररावांनी उठून ताटं घासली. सोमवार गेला. अर्ज कोराच राहिला.

मंगळवारी साडेअकराला नाव पुकारलं गेलं. शेडमधल्या कारकुनाने दोघांची ओळखपत्रं जमा करून घेतली आणि फोटो एकच लागेल असं सांगितलं. बाईंनी बांगड्या आणि घड्याळ पिशवीत घालून दिवाकररावांच्या हाती दिलं. दिवाकररावांनी जमा केलेल्या ओळखपत्राची पोच मागितली, कारकुनाने ती दिली. वीस मिनिटांनी रितेश गजभिये एकटा बाहेर आला. त्याने शेडचं दार लावलं आणि चार वेळा ओढून पाहिलं.

त्या दिवसाच्या सगळ्या लोडशीट बिनचूक निघाल्या. यशू संध्याकाळी नेहमीसारखी जेवली. फक्त घास आता लहान आणि गोल असतो असं तिने आईला सांगितलं. पल्लवीने त्यावर काही विचारलं नाही. शेजारच्या कदमांकडेही विलीनीकरण झालं होतं.

दिवाकररावांना कंपनीचं पत्र आलं. कनिष्ठाच्या जोडीदाराची पासाची सवलत चालू राहील, असं त्यात होतं. कंपनीतला पास म्हणजे जागा उरली तर. आधी सगळे प्रवासी बसतात, घरची माणसं दाराशी थांबतात, आणि दार लागायच्या आत खुर्ची रिकामी दिसली तर त्यांना बोलावतात. हीच सवलत आता विमानाऐवजी ज्येष्ठाच्या घरी, रविवारी दुपारच्या जेवणाला लागू करण्यात आली होती.

पहिल्या रविवारी दिवाकरराव इस्त्रीचा शर्ट घालून गजभियांच्या दाराशी उभे राहिले. पल्लवीचा भाऊ आला होता, चारही खुर्च्या भरल्या. ते परत गेले. पासवाल्याने तक्रार करायची नसते, हे त्यांना चोवीस वर्षांपासून ठाऊक होतं.

दुसऱ्या रविवारी सगळे बसल्यावर रितेशने खुर्च्या मोजल्या आणि दार उघडलं.

"वानकर, एक जण?"

"एक."

"या. खिडकीकडची आहे."

जेवताना रितेशने यशूला भरवलं, मग दिवाकररावांच्या ताटातलं लोणचं उचलून स्वतःच्या ताटात घेतलं आणि त्यांना भात वाढला. दिवाकररावांना रक्तदाब होता. त्यांनी मान खाली घालून भात संपवला.

निघताना त्यांनी चपला घातल्या आणि उंबऱ्याशी थांबले.

"पुढच्या रविवारी?"

रितेशने भिंतीवरची यादी पाहिली. "जागा असली तर. पण वेटिंगमध्ये तुमचाच पहिला नंबर आहे."

"माझ्या मागं कोण आहे?"

"कोणी नाही."

"बरं," दिवाकरराव म्हणाले.