गुरुजींनी ठेवलेली नावं

आमच्या गावच्या गुरुजींना लोकांची नावं दुरुस्त करायची भारी खोड. आईबापानं पोराचं काहीही नाव ठेवलेलं असो, शाळेच्या रजिस्टरात गुरुजी आपल्या पसंतीचं लिहीत. भिकू झाला भास्कर, धोंडी झाली सुलोचना. "नावाला वजन पायजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. निवृत्तीला वीस वर्षं झाली तरी पक्या रिक्षावाल्याला ते 'प्रकाशराव' अशी हाक मारतात, आणि तो वळूनही बघत नाही.

मी त्यांच्या हातचा दिवाकर. पण घरात, गावात, कामावर उरणच्या यार्डातसुद्धा मला दगडूच म्हणतात. गेल्या वर्षी ठेकेदारानं कोचीच्या कामासाठी माझं विमानाचं तिकीट काढलं, तेही दगडू नावानं. आधार कार्डावर दिवाकर. विमान कंपनीची बाई फोनवर म्हणाली, "एखादं अक्षर चुकलं असेल तर दुरुस्त होतं. अख्खं नाव बदलत नाही." निघायला चार दिवस. ठेकेदार म्हणाला, "मग दुसऱ्याला पाठवतो."

मी तडक गुरुजींकडे गेलो. "तुमच्यामुळं हातचं काम जातंय माझं."

"तिकीट चुकलंय. तू न्हाय."

"विमानतळावर हे सांगू?"

"मी लिहून देतो ना."

त्यांनी वळणदार अक्षरात तीन पानी अर्ज लिहिला. त्यातलं अर्धं पान 'दिवाकर' शब्दाच्या अर्थावर. वर हट्टानं माझ्याबरोबर उरणला आले. एसटीत मी कपाळाला हात लावून बसलो होतो.

यार्डाच्या फाटकावर रखवालदारानं दोघांची आधार कार्डं घेतली. "कचरू कोण?" म्हणाला आणि फिसकन हसला. गुरुजींनी मुकाट्यानं हात वर केला. त्यांचं नाव मला त्या दिवशी कळलं.

ठेकेदारानं अर्ज वाचलाच नाही. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस टेबलासमोर तासभर उभं राहून 'दिवाकर'चा अर्थ शिकवायला लागल्यावर तो कंटाळला आणि त्यानं दिवाकर नावानं नवं तिकीट काढलं.

परतताना मी विचारलं, "सगळ्यांची बदललीत, स्वतःचं का न्हाय?"

"माझ्या आधीची तीन पोरं गेली. कचऱ्याला कोण नजर लावील, म्हणून आईनं ठेवलं." गुरुजी खिडकीबाहेर बघत होते. "वर्गात पोरं लय हसायची. पण तिनं मला जगवायला ठेवलेलं नाव, ते कसं खोडायचं?"

थोड्या वेळानं म्हणाले, "त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं न्हाय."