फ्लास्कातली घासणी

शुक्रवारी सकाळी ताजुद्दीनभाईंनी डायनिंग टेबलवर ग्लायडरचा काटा मांडला आणि त्यांच्या बोनकोड्यातल्या फ्लॅटचा पंखा बंद झाला. वाऱ्याने काटा हलतो म्हणे. ग्लायडरला इंजिन नसतं, त्यामुळे वर चाललोय की खाली, हे पायलटला हाच काटा सांगतो. भाईंची हयात असले काटे दुरुस्त करण्यात गेली होती. निवृत्तीनंतरही घाटावरच्या क्लबाची कामं ते घरी आणत. पण हे काम वेगळं होतं. रविवारी त्या ग्लायडरमधून त्यांची मुलगी सहर पहिल्यांदा एकटी उडणार होती.

पिचकारीने हवा ओढली की काटा चढायला हवा तेवढा चढेना. भाईंनी मागचा स्क्रू फिरवला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पुन्हा फिरवला. शेवटी त्यांनी भिंतीवर रेघा आखलेली पाण्याची पारदर्शक नळी टांगली, काट्याला जोडली आणि फुंकर मारून टोक बोटांत दाबून धरलं. पाणी वर चढलं आणि सावकाश खाली उतरू लागलं.

"लीक हाय," भाई म्हणाले.

दुपारपर्यंत सगळ्या रबरी नळ्या बदलून झाल्या. सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, पण एक बुडबुडा येईल तर शपथ. दार उघडलं तरी हवेचा दाब बदलतो, म्हणून आतून कडी घातली. कचरेवाली सुंदराबाई बेल वाजवून वाजवून निघून गेली. साबणाचं पाणी लागलं नाही ते फक्त फ्लास्कच्या तोंडाला. हवा साठवून ठेवायला या काट्याला चहाचा साधा फ्लास्कच जोडतात, आणि तो भाईंनी मागे स्वतःच्या हाताने बसवला होता. आता आपलंच काम काय तपासायचं?

"अब्बा, पंखा लावू? घामाने मरायची वेळ आली," सहर म्हणाली.

"घामाने कोण मरत नाय. लीकने मरतात."

बोलून गेल्यावर भाईंनाच कसंतरी झालं.

संध्याकाळी त्यांची बायको शरीफा कळंबोलीहून, भावाच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातून परतली.

"कडी कशाला घातली? आणि ही कसली भट्टी लावलीय?" म्हणत तिने पिशवीतून निळा फ्लास्क काढला. "हा लई भारी हाय. चहा पोचेपर्यंत वाफाळत होता."

भाईंनी त्या फ्लास्ककडे पाहिलं. मग टेबलावरच्या निळ्या फ्लास्ककडे पाहिलं.

"हा कुठून काढलास?"

"तुमच्या खोक्यातून. आपल्याच्या तोंडाचा कपचा उडालाय ना. तुमाला काय, नुसती हवाच ठेवायची, म्हणून तो तिथे ठेवला. तुमचं नळ्यांचं बूचपण नीट लावलं. आत कुणी येड्याने तारेची घासणी कोंबलेली, ती काढून टाकली."

"तो येडा मीच. आतली हवा गरम-थंड होऊ नये म्हणून ती लागते."

"मग सांगायचं ना. काल रात्री त्याच घासणीने बांगड्याचा तवा घासला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. सहर खाली जाऊन नवी घासणी घेऊन आली. शरीफाने आणलेला फ्लास्क धुऊन, सुकवून, आत घासणी घालून जोडला. आता काटा भलताच चढू लागला, कारण स्क्रू लीकच्या मापाने फिरवला होता. तोही भाईंनी निमूटपणे उलटा फिरवला. मग शेवटची फुंकर मारून टोक दाबून धरलं आणि नळीकडे पाहिलं.

"अजून गडबड हाय. पाणी हलतंय. क्लबला फोन करतो, रविवारचं राहू दे."

सहरचा चेहरा उतरला. शरीफाने वाकून पाहिलं.

"लीक असेल तर पाणी उतरेल ना? हे तर थरथरतंय."

तिने टोकाला कपड्यांचा चिमटा लावला आणि नवऱ्याच्या बोटांतून ते सोडवून टेबलावर ठेवलं. पाणी रेघेवर जाऊन थांबलं ते थांबलंच. भाईंचा हात मात्र अजून हलत होता.

"भीती वाटते गं मला," ते म्हणाले.

"मलापण वाटते. म्हणून काय पोरीला जमिनीवर बसवायचं?"

सहरने हळूच विचारलं, "अब्बा, मग रविवारी उडू ना?"

भाई उठले आणि त्यांनी पंखा लावला.