इनास तुस्कानो आणि साडेपाचशे ग्रॅम

आमच्या मजल्यावरचा इनास तुस्कानो सुपरमार्केटमध्ये गेला की अर्धा किलो तूरडाळीचं पाकीट उचलतो, उजवा हात सरळ समोर धरतो, एक डोळा मिटतो आणि मनातल्या मनात तीसपर्यंत मोजतो. मग पाकीट होतं तिथे परत ठेवतो. डाळ घेत नाही. पुढे जाऊन मधाची बाटली उचलतो, पुन्हा तेच. दुबईत अल मनखूलच्या आमच्या गल्लीतल्या दुकानातले लोक त्याला सरावले आहेत. एकदा नवीन आलेल्या सिक्युरिटीवाल्याने हटकलं तर इनास शांतपणे म्हणाला, "एक्सरसाइज. डॉक्टरने बोला है."

डॉक्टरने असलं काहीही सांगितलेलं नाही. इनास पिस्तूल निवडतोय. गेली चार वर्षं निवडतोय.

दचकू नका. इनासइतका निरुपद्रवी माणूस मी पाहिलेला नाही. फ्लॅटमध्ये झुरळ निघालं तर तो माझ्या बायकोला बोलावतो. वय सत्तावन्न, गाव वसईकडचं, नोकरी एका हॉटेलात परचेस ऑफिसरची. सव्वीस वर्षं त्याने त्या हॉटेलासाठी टॉवेल, कांदे, झुंबरं आणि टूथपिक विकत घेतल्या आहेत, आणि एकही टूथपिक तीन कोटेशनं मागवल्याशिवाय घेतलेली नाही. "कंपॅरेटिव्ह केल्याशिवाय आपण हात लावत नाय," हे त्याचं ब्रीद. कंपॅरेटिव्ह म्हणजे एक मोठा तक्ता. डावीकडे वस्तू, वर रकाने, आणि शेवटी रिमार्क्स. आम्हाला मिक्सर घ्यायचा होता आणि मी चुकून त्याला विचारलं. दिवाळीत विचारलं, ईस्टरला मिक्सर आला. मिक्सर उत्तम आहे, पण मधल्या काळात बायको चटणी शेजारणीकडून वाटून आणत होती, आणि ते ती अजून काढते.

तर पिस्तूल. चार वर्षांपूर्वी त्याच्या गावच्या घरी चोर शिरले. मागच्या दाराची कडी उचकटून आले, विहिरीवरची मोटर आणि दोन तांब्याचे हंडे घेऊन गेले. घरात रेजिनावहिनी एकट्या. मुलगा कॅनडात, नवरा दुबईत. इनास ही हकीकत सांगतो तेव्हा नेहमी एका वाक्यापाशी थांबतो. "ती आत होती, आणि मी इथे टिश्यू पेपरचे भाव बघत होतो." त्यानंतर त्याने ठरवलं की वहिनींच्या हाताशी काहीतरी असलं पाहिजे.

आता अडचणी बघा. आमच्यासारख्याला ही वस्तू इथे घेता येत नाही, इथून नेता येत नाही आणि तिकडे परवान्याशिवाय मिळत नाही. परवाना वहिनींच्या नावाने काढावा लागेल आणि अर्ज त्यांनाच करावा लागेल. मी म्हटलं, "आधी परवान्याचं बघ." इनास म्हणाला, "आधी आयटम फायनल. मग परवाना." इथे ते नाव मोठ्याने घ्यायचं नाही, म्हणून तो आयटम म्हणतो. लिफ्टमध्ये चार परके लोक असताना तो मला सांगतो, "आयटम छोटा पाहिजे, पर्समध्ये बसला पाहिजे, आणि मनगटाला झेपला पाहिजे." लिफ्टमधले लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघतात त्याबद्दल मी त्याला कधी बोललेलो नाही.

त्याची फाइल मी पाहिली आहे. हलका, आटोपशीर आणि परवडणारा, हे वर लाल शाईने लिहिलेलं. खाली रकाने. रिकामं असताना वजन, भरल्यावर वजन, लांबी, मुठीची जाडी, वरचा भाग मागे खेचायला किती जोर लागतो, सुटे भाग मिळतात का, सर्व्हिस सेंटर विरारपासून किती लांब. एका सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्व्हर त्याला फार आवडलं होतं, कारण त्यात काही खेचावं लागत नाही. "चार हजार दिरहम. म्हणजे पंच्याण्णव हजार रुपये," तो म्हणाला, आणि पंच्याण्णव हजार हे त्याने दोनदा म्हटलं. पण त्याची मूठ वहिनींच्या हाताला जाड पडेल की काय, या शंकेपायी तो सहा महिने अडकला. वहिनींच्या हाताचं माप त्याने फोनवर मागवलं. त्यांनी कागदावर हात ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आणि फोटो पाठवला. तो फोटो फाइलमध्ये पहिल्या पानावर आहे.

माझी मुलगी ईरा त्याला एकदा म्हणाली, "अंकल, व्हाय डोन्ट यू जस्ट गेट हर अ डॉग?" इनासने प्रश्न गंभीरपणे घेतला. दुसऱ्या दिवशी फाइलमध्ये कुत्रा हा आयटम आला. वजन तीस किलो, परवाना नको, रोजचा खर्च आहे, सुटे भाग लागू नाहीत. रिमार्क्समध्ये लिहिलं होतं, 'हिला कुत्र्यांची भीती'.

मग एकदा तो मला शूटिंग रेंजवर घेऊन गेला. आमच्याकडे अशा रेंज आहेत. ओळखपत्र दाखवायचं, पैसे भरायचे, शिकवणारा बाजूला उभा राहतो आणि तुम्ही समोरच्या कागदावर गोळ्या झाडायच्या. इनासने दहा गोळ्यांचे पैसे भरले आणि पाऊण तास नुसती पिस्तुलं हातात घेऊन तोलली. शिकवणारा फिलिपिनो मुलगा सभ्य होता. "सर, यू वॉन्ट टू शूट?" त्याने चौथ्यांदा विचारलं तेव्हा इनासने एक गोळी झाडली. कागदाला काही झालं नाही. इनास मागे येऊन खुर्चीवर बसला, पाणी मागितलं आणि कानावरची ती गादीची टोपणं न काढताच मला ओरडून म्हणाला, "आवाज जास्त आहे." उरलेल्या नऊ गोळ्या मी झाडल्या. मला मजा आली, हे इथे कबूल करतो.

रोज संध्याकाळी ड्युटीवरून आला की तो वहिनींना फोन लावतो. "साखरेचं पुडकं धरलंस? तीसपर्यंत?" पलीकडून वहिनी काहीतरी बोलतात आणि इनास फोन ठेवून जाहीर करतो, "जड लागलं." पाचशे ग्रॅम जड. साडेचारशे जड. शेवटी त्याने निष्कर्ष काढला की दोष पुडक्याचा आहे. पुडकं हातात नीट बसत नाही. मग त्याने हॉटेलच्या मेन्टेनन्सवाल्याकडून लाकडाचे तीन ठोकळे करून घेतले, आत मासेमारीचं शिसं भरून. पाचशे, साडेपाचशे, सहाशे. आकार साबणाच्या वडीसारखा. "पिस्तुलाचा आकार दिला की प्रश्न येतात," असं त्याचं म्हणणं.

प्रश्न आले ते मला. त्याच सुमारास मी चुलतभावाच्या लग्नाला मुंबईला निघालो होतो, आणि इथला रिवाज असा की जाणाऱ्याच्या हाती प्रत्येकजण काहीतरी देतो. कोणी बदाम देतो, कोणी टायगर बाम देतो. इनासने ठोकळे दिले. "हँडबॅगेत ठेव. चेक-इनमध्ये हरवतात." एअरपोर्टवर यंत्राच्या पडद्यावर माझ्या बॅगेत तीन काळे डाग दिसले आणि मला बाजूला घेतलं. हे काय आहे? मी म्हटलं, पेपरवेट. तीन? मी म्हटलं, कागद फार आहेत. त्यांनी ठोकळे वाजवले, तोलले, पुन्हा यंत्रातून घातले. मी मनात इनासच्या सात पिढ्यांचा उद्धार करत उभा होतो. शेवटी एक वरिष्ठ आला, त्याने एक ठोकळा तळहातावर झेलला, हसला आणि म्हणाला, "खलास. यल्ला, हबीबी." म्हणजे झालं, निघा आता. विमान सुटायला वीस मिनिटं राहिली होती.

लग्न झाल्यावर मी ते ओझं घेऊन वसईला गेलो. रेजिनावहिनींना मी पहिल्यांदाच भेटत होतो. ठेंगण्या, काटक बाई. ठोकळे बघून त्या पोट धरून हसल्या. मग चहा ठेवला आणि मला न्यायला केळी द्यायची म्हणून पडवीत टांगलेला अख्खा घड एका हाताने आकड्यावरून खाली उतरवला. पंधरा किलोचा तरी असेल. मी घडाकडे बघितलं, ठोकळ्यांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"त्यांना सांगू नका, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तिन्ही जड लागले म्हणून सांगा."

मी विचारलं, असं का. त्यांनी घडाची एक फणी कापून माझ्यापुढे ठेवली.

"चोर आले तेव्हा मी काय घाबरले नव्हते. दिवा लावला, शेजारच्या बावतीसला हाक मारली, पळाले ते. सकाळी यांना फोन केला तर हे रडायला लागले. वडिलांच्या मयताला येता आलं नाही तेव्हा रडले नव्हते. त्याच्या आधी आमचं फोनवर बोलणं काय? पैसे पोचले? पोचले. जेवलीस? जेवले. ठेवते. आता अर्धा तास बोलतात. वजनाचंच बोलतात, पण बोलतात. एकदा मी हलकं आहे म्हटलं की सगळं ठरून जाईल. मग परत दोन मिनिटं."

मी चहा प्यायलो. निघताना त्यांनी सुकेळ्यांची, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांची, दोन पाकिटं दिली, एक त्याला, एक आम्हाला.

दुबईला परतलो त्या रविवारी इनास संध्याकाळीच माझ्याकडे आला, फाइल घेऊन. "काय म्हणाली?"

"जड लागले," मी म्हटलं.

"कोणता?"

"तिन्ही."

"पाचशेचा किती आकड्यांपर्यंत धरला?"

खोटं बोलायचं तर आधी तयारी लागते, आणि सव्वीस वर्षं पुरवठादारांची खोटी बिलं पकडलेल्या माणसासमोर तर जास्तच. मी म्हटलं दहा. मग म्हटलं बारा. सहाशेचा? तोही बारा. इनासने पेन खाली ठेवलं. "शंभर ग्रॅमचा फरक आणि आकडा तोच? तू तिथे गेलास की नाही?"

एअरपोर्टवरचा राग माझ्या पोटात होताच. मी सगळं सांगून टाकलं. केळ्यांचा घड सांगितला, बावतीस सांगितला, दोन मिनिटं आणि अर्धा तास हेही सांगितलं. वहिनींना दिलेला शब्द मोडला आणि मला त्याचं वाईट वाटलं, पण अर्धवट थांबताही येईना.

इनास फाइलची पानं उगाच सरळ करत बसला. मग म्हणाला, "आमच्याकडे नियम आहे. डिपार्टमेंटने मागितल्याशिवाय परचेस काहीच घेत नाही. हाउसकीपिंगने लिहून दिलं की टॉवेल. नाहीतर नाही." थोड्या वेळाने म्हणाला, "तिला काय हवंय ते मी विचारलंच नाही रे. चार वर्षं."

तिथेच, माझ्या सोफ्यावर बसून त्याने फोन लावला. स्पीकर चालू राहिला होता. त्याच्या लक्षात आलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ते दोघं त्यांच्या वसईच्या बोलीत बोलतात. मला कळलं तसं लिहितो.

"रेजिना, आयटम राहू दे. तुला घरात काय पाहिजे ते सांग."

फोनमध्ये मागे कोणाच्या तरी कोंबड्या ओरडत होत्या.

"मागच्या दाराची कडी अजून तशीच आहे," त्या म्हणाल्या. "दोरीने बांधते मी."

"चार वर्षं? मला बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाही."

"मी पैसे पाठवतो. सुताराला बोलव, चांगली पितळी घे."

"थांबा जरा. चोरीनंतर तुम्ही घरी आलाच नाहीत. आता एप्रिलात येणार म्हणालात ना? ते सुट्टीवर येणार की राहायला? सुट्टीवर येणार असाल तर सुताराला बोलवते. राहायला येणार असाल तर तुम्हीच बसवा. मी तोवर दोरी बांधते."

इनासने माझ्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांत त्याने कुठल्याच गोष्टीला एका दमात हो म्हटलेलं नव्हतं, आणि मला वाटलं आता तो विचार करून सांगतो म्हणेल, निदान उद्यापर्यंत मुदत मागेल. त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले होते, आणि ईरा आतून बघतेय हे मला दिसत होतं, तरी मी पुसले नाहीत.

"सुताराला बोलवू नकोस," तो म्हणाला.