उतरली का हो?

बाबांचा पट्टा दारामागच्या खुंटीवर लटकत होता आणि बाबा घरात नव्हते. एवढंच. पण जिला घरात सगळे ‘दचकी’ म्हणतात, तिला दचकायला एवढं पुरेसं होतं. (कुकरची शिट्टीसुद्धा तिला रोज नव्याने धक्का देते.)

“आई, बाबा पट्टा न लावता गेले?”

“गेले दवाखान्यात. काट्यावर पट्ट्याचं वजन उगीच कशाला, म्हणाले,” आई मटार सोलता सोलता म्हणाली.

 बाबांच्या पँटची खरी गोष्ट फक्त दचकीलाच ठाऊक होती.

झालं होतं असं. बाबांना मधुमेह, त्यात रक्तदाब, त्यात कुरकुरणारे गुडघे. “वजन उतरवा,” डॉक्टरांनी बजावलं होतं, “पण धावपळ नको. जेवण चुकवायचं नाही, हळूहळू चालायचं.” बाबा चालले. मागून येणारी गोगलगाय ‘जरा बाजूला व्हा’ म्हणेल, इतकं हळू चालले. पण काटा ढिम्म. शेवटी त्यांनी बूट पलंगाखाली ढकलले. “जाड जन्मलो, जाडच जाणार!” त्या ‘जाणार’ने दचकीची झोप उडाली.

कॉलेजात मानसशास्त्र शिकलेली पोरगी ती. यशाची चव लागली की माणूस पुढे चालतो, असं पुस्तकात होतं. मग एका दुपारी तिने बाबांच्या ऑफिसच्या पँटची कंबर गुपचूप उसवली आणि चांगली दोन बोटं सैल शिवली.

दुसऱ्या दिवशी बाबा आरशासमोरून हलेनात. “अगं ए, बघ तरी! पँट सैल झाली!”

“जुनी झालीय,” आई न बघताच म्हणाली. पण पलंगाखालचे बूट बाहेर आले. चालणं सुरू झालं, खुर्चीत बसून हातपाय हलवणं सुरू झालं, ताटात भाजी वाढली, गोड घटलं.

आणि आता वजन खरंच घटलं असेल तर? आधीची खोटी सैल, वर ही खरी सैल आणि पट्टा खुंटीवर! शिवाय साखर अचानक उतरली तर हाताशी असावी म्हणून एका खिशात तिनेच कोंबलेली ग्लुकोजची पुडी, दुसऱ्यात पाण्याची बाटली. पँट खाली ओढायला तिने जणू दोन माणसंच नेमली होती! भर दवाखान्यात पँट गळाली, तर बाबा लाजेने पुन्हा घराबाहेर पाऊल टाकायचे नाहीत. मग चालणं संपलं. मग...

तिने फोन लावला. रिंग वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला. तेच. मग एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात फोन घेऊन ती धावत सुटली.

“अगं, कुणाला मारायला निघालीस?” शेजारच्या काकू ओरडल्या.

“बाबांना वाचवायला!”

“पट्ट्याने?”

एवढ्यात फोन उचलला गेला.

“हॅलो, सिस्टर बोलतेय. काका काट्यावर आहेत. फोनचं वजन नको म्हणून इथे ठेवून गेलेत.”

“सिस्टर, बाबांची... उतरली का हो?”

“उतरली ना! चांगलीच उतरली.”

“अगं बाई! सगळ्यांसमोर?”

“हो, डॉक्टरांनी तर टाळ्या वाजवल्या.”

“टाळ्या कसल्या वाजवताय? कुणीतरी वर ओढा ना!”

“वर? अहो, एवढ्या कष्टाने उतरवलेली शुगर वर कशाला ओढायची?”

मागून बाबांचं हसणं ऐकू आलं आणि फोन त्यांच्या हातात गेला. “काय गं? शुगर उतरली, वजन उतरलं, पँट जागेवर आहे. तू उसवलेली कपाटात ठेवलीय. आज लग्नातली घालून आलोय, अगदी मापात बसली!”

“तुम्हाला... माहीत होतं?”

“काळ्या पँटला निळा दोरा? म्हटलं, पोरगी आपल्यासाठी एवढं खोटं शिवतेय, तर आपण ते खरं करून दाखवू.”

दचकीने जोरात नाक ओढलं.

“रडतेयस की धापा टाकतेयस?”

“दोन्ही.”

“कुठवर पळालीस?”

“फाटकापर्यंत.”

“आपल्याच?” बाबांनी विचारलं. “उद्यापासून माझ्याबरोबर फिरायला चल. घाबरू नकोस, तुझ्यासाठी मी हळू चालेन.”