नरसिंगरावांची नस

मागचं स्थळ नरसिंगरावांच्या नसेनं मोडलं होतं. खुर्चीत बसताना कमरेपासून टाचेपर्यंत अशी कळ गेली, की त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं, आणि मुलाच्या आईला वाटलं, आपल्यालाच बघून केलं. त्यामुळे आज पाहुणे यायच्या आत नस वठणीवर आणायचीच, असा बायकोनं, तुंगाबाईंनी, निश्चय केला होता.

उपाय शेजारच्या हेमावतीअक्कांचा. नाचणीचं पीठ, लसूण आणि एरंडेल गरम करून त्याचा जाड लेप मांडीमागं बांधायचा. "पण वाळेपर्यंत बसायचं नाही हं," अक्कांनी बजावलं. "बसलात तर नस आणखी आवळंल."

लेप बांधून धोतर सावरतात तोच बेल वाजली. पाच वाजता येणारे पाहुणे तीनलाच दारात!

"सॉरी, जे. पी. नगरहून बस लगेच मिळाली," मुलाचे वडील रत्नाकर म्हणाले. ते मूळ पुण्याचे. मुलगा वासुदेव इथं कंप्युटर कंपनीत, म्हणून तेही बेंगळूरला आलेले.

"बसा की," नरसिंगराव उभ्यानंच म्हणाले.

"आधी तुम्ही बसा."

"छे, मी स्वल्प वेळ उभाच राहतो."

"मग मीही उभाच बरा."

दोन वडीलधारे उभे, म्हणून वासुदेव उठला. तो उठला म्हणून आतून आलेली नरसिंगरावांची मुलगी कस्तुरीही उभीच राहिली. तुंगाबाईंनी पोह्यांच्या बशा हातात दिल्या आणि सगळे मान खाली घालून गुपचूप खाऊ लागले.

लेपाची चौकशी करायला आलेल्या हेमावतीअक्कांनी खिडकीतून हे दृश्य पाहिलं नि त्यांचा चेहरा पडला. "अय्यो देवा! कोण गेलं?"

"कुणी नाही!" नरसिंगराव गर्रकन वळले. तेवढ्यात लेपाच्या फडक्याची गाठ सुटली. लेप पोटरीवरून घसरत आला आणि थप्पकन फरशीवर पडला. खोलीभर लसणाचा वास पसरला.

तुंगाबाईंनी डोळे मिटून घेतले. हेही स्थळ गेलं.

रत्नाकरांनी मात्र जोरात श्वास घेतला. "लसूण... एरंडेल..." ते पुढे सरकले. "कुठली बाजू?"

"डावी," नरसिंगराव पुटपुटले. "वीज गेल्यासारखं होतं बघा."

"माझी उजवी!" रत्नाकरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बसमध्येसुद्धा दांडा धरून उभा होतो हो! इथं बसून तोंड वाकडं झालं असतं, तर तुम्हाला काय वाटलं असतं?"

"लेप आहे अजून पातेल्यात," हेमावतीअक्का खिडकीतूनच म्हणाल्या.

थोड्या वेळानं दोघे व्याही आतल्या पलंगावर पालथे पडून एकमेकांच्या डॉक्टरांना शिव्या घालत होते. बाहेर वासुदेव संकोचून कस्तुरीला म्हणाला, "मला काही दुखत नाहीये हं. बाबा उभे, म्हणून मी."

"मग बसा की!" कस्तुरी खुदकन हसली. दोघं बसले आणि बराच वेळ बोलत राहिले. पोहे कुणी संपवले, त्यांनाही कळलं नाही.

संध्याकाळी दोघांचा होकार घेऊन तुंगाबाई आतल्या खोलीच्या दाराशी गेल्या. "पसंत आहे म्हणतात. पण एक सांगते, व्याही. लग्नात उभ्यानं जेवायचं ते नवीन फ्याड आमच्याकडं चालत नाही. केळीच्या पानावर, मांडी घालून, पंगतच होणार."

पलंगावरून दोन घाबरे आवाज एकदमच आले, "बुफे!"