परबकाकांचा उलटा हात

आमच्या सोसायटीच्या फाटकातून गाडी आत आली की परबकाका आधी चाकांची विचारपूस करत, मग माणसांची. तुम्ही उतरून दार लावेपर्यंत ते मागच्या चाकाशी वाकलेले असत. हात उलटा करून चाकापासून बोटभर अंतरावर धरायचा, डोळे मिटायचे, मग पुढचं चाक. चारही झाली की निकाल: "ठीक आसा. जा वर."

तळहात का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "तळवो भाजलो तर जेवशीत कशान?"

बसडेपोत चौतीस वर्षं त्यांनी फक्त ब्रेकचं काम केलं. इंजिनाविषयी त्यांना थोडी तुच्छताच होती. गाडी पळवणं कुणालाही जमतं. ती थांबते कशी, आणि थांबून पुन्हा मोकळी होते की नाही, हे खरं. पाय उचलल्यावर ब्रेक सुटला नाही तर तो चाकाला घासत राहतो, तापतो, आणि बाहेरून काही कळत नाही. मालवणजवळचं गाव सोडून मुलुंडला येऊन पन्नास वर्षं झाली होती, पण बोली तिकडचीच राहिली. काकू गेल्यापासून ते एकटे राहत. मुलगा सतीश पुण्याला. मी घाटकोपरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तकांशी संबंध आहे म्हणजे हा मास्तरच, असं ठरवून ते मला मास्तर म्हणत.

त्यांच्या हाताची सोसायटीत धास्ती होती. दुसऱ्या मजल्यावरचे सामंत एका रविवारी दुपारी गाडीतून उतरले आणि खाली उभ्या असलेल्या बायकोला म्हणाले, अंधेरीला मीटिंग होती, आत्ता सुटलो. काका तोवर दोन चाकं तपासून मोकळे. "चाकं थंड आसत. मीटिंग मुलुंडातच झाली वाटता," ते म्हणाले. "माणूस कायव बोलात. चाक खोटा बोलणा नाय." सामंतांकडे त्या दिवशी जेवण बरंच उशिरा झालं म्हणतात. आठवड्याभरात फलकावर सूचना लागली: इतरांच्या वाहनांना हात लावू नये. काकांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली. "हात खय लावतंय?" मला म्हणाले. "बोटभर लांब धरतंय."

त्याच सुमारास माझ्या जुन्या गाडीला खोड लागली. अर्धा तास चालवली की जड व्हायची, डावीकडे ओढायची, करपल्यासारखा वास यायचा. गॅरेजवाल्याने दोनदा ब्रेकपॅड बदलले, फरक शून्य. शेवटी काका शेजारी येऊन बसले. सर्व्हिस रोडवर बरंच फिरवलं आणि म्हणाले, आता ब्रेक मारू नको, गाडयेक आपसूक थांबू दे. थांबल्यावर उतरून त्यांनी चारही चाकांना उलटा हात धरला. पुढच्या डाव्यावर बाटलीतलं थोडं पाणी शिंपडलं. चर्र झालं. काकांच्या चेहऱ्यावर नातू झाल्यासारखा आनंद.

पार्किंगमध्ये जॅकवर चढवलं तेव्हा ते चाक हलेना. काकांनी ब्रेकचं तेल चाकाकडे नेणाऱ्या रबरी पाईपच्या वरचा सांधा सैल केला, चाक तसंच. मग खाली चाकाजवळची लहान चावी सैल केली. तेलाची चिळकांडी माझ्या पँटवर उडाली आणि चाक एका बोटाने फिरलं.

"वरसून सुटूक नाय, खालसून सुटला. मधी काय आसा? पाईप." तो बाहेरून धडधाकट होता, आतून सुजलेला. "जाताना पायाचो जोर आसता, तेल जाता. येताना जोर कोणाचो? म्हणान थयच अडकता."

पैसे विचारल्यावर ते रागावले. पाईप बदल, म्हणाले, आणि एका रविवारी माका घोडबंदरपर्यंत घेऊन चल. जाऊन आल्यावर हात धरून सांगेन, तेव्हाच काम पुरं झालं म्हणायचं.

पाईप मी त्याच आठवड्यात बदलला. रविवार मात्र जमेना. पहिल्या रविवारी पाहुणे आले, दुसऱ्या रविवारी मला सर्दी झाली, तिसऱ्या रविवारी एक पुस्तक संपत आलं होतं. दर रविवारी आठ वाजता काका इस्त्रीचा शर्ट घालून, पाण्याची बाटली घेऊन पार्किंगमध्ये उभे असत. चौथ्या रविवारी मला खोटं बोलणं सोपं वाटलं. दहाच्या सुमारास खाली उतरलो आणि म्हणालो, काका, पहाटेच बोरिवलीला जावं लागलं, आत्ताच आलोय, दमलोय. गाडी शुक्रवारपासून जागची हलली नव्हती.

काका वाकले. एकेका चाकापाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले.

"गरम आसत," ते म्हणाले. "चारव सारखी. पाईप बरो बसलो. जा, वाईच पड."

वर येऊन मी बायकोला म्हटलं, काकांचा हात गेला आता. आम्ही दोघंही हसलो.

दिवाळीनंतरच्या शनिवारी सतीश आला. मी पार्किंगमध्येच होतो. पुण्याहून थेट येतोय बाबा, म्हणाला, जाम ट्रॅफिक, तासाभरात निघावं लागेल. काकांनी उलटा हात धरला, डोळे मिटले.

"घाट उतरान इली गाडी. लय तापलीत चाकं. चल वर, पाणी पी आधी."

ते दोघं जिन्याने वर गेले. काकांकडून शिकलेली विद्या मिरवावी म्हणून मी वाकलो. हात धरला, मग टेकवला, मग तळहात ठेवला. चाक थंडगार होतं. सतीशची सासुरवाडी मुलुंड पश्चिमेला आहे, दहा मिनिटांवर.

माझा तळहात चाकावरच राहिला, आणि मला माझा रविवार आठवला.

त्यानंतर मी काकांना घोडबंदरला न्यायला हवं होतं. रविवार होते, गाडी होती. पण न्यायचं म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं हे मान्य करून शेजारी बसवायचं. मला लाज वाटली, आणि लाजेपोटी मी त्यांना टाळलं. पार्किंगमध्ये ते दिसले तर मागच्या जिन्याने जायचो. थंडी सरताना त्यांना हॉस्पिटलात नेलं. चौथ्या दिवशी ते गेले.

सगळं आटोपल्यानंतरच्या रविवारी मी आठ वाजता एकटाच निघालो. घोडबंदरपर्यंत गेलो, परत आलो. फाटकातून आत येऊन गाडी जागेवर लावली आणि पुढच्या डाव्या चाकाशी वाकलो. मग उरलेली तिन्ही. चारही सारखी, कोमट. कामाचा निकाल लागला होता.

सामंत दुधाची पिशवी घेऊन जात होते, ते थांबले. माझ्या हाताकडे बघत म्हणाले, "कुठून आलात?"

"घोडबंदरहून," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण जागचे हलले नाहीत. मी बाजूला झालो.

"हात धरून बघा," मी म्हणालो.